नावापुरता मालक

नाव संगमरवरात कोरलेलं होतं आणि अक्षरांत काळा रंग भरलेला होता. रिफअतने ते आधी नुसतं पाहिलं, वाचलं नाही. असाफ्रातल्या या गल्लीत प्रत्येक उंच इमारतीच्या दारावर कुणा ना कुणाचा बुरूज म्हणून लिहिलेलं असतंच, आणि वीस वर्षं इमारती बांधणाऱ्या माणसाला त्या पाट्या दिसेनाशा होतात. मग त्याने वाचलं आणि तो भर रस्त्यात उभाच राहिला. मागून येणाऱ्या संत्र्यांच्या हातगाडीचा दांडा त्याच्या कमरेला लागला. "ओ बाशमुहंदिस, रात्री झोपू दिलं नाही वाटतं बायकोने!" गाडीवाला ओरडला आणि हसत पुढे गेला. चांगल्या कपड्यातल्या कुणालाही इंजिनियर म्हणायची अलेक्झांड्रियाची रीतच आहे. रिफअत खरोखरच इंजिनियर होता एवढंच. त्याने कमर चोळली आणि पुन्हा वाचलं. 'बुरूज अल-हाग मेतवल्ली.' मेतवल्ली हजला कधी गेलेला नव्हता. तो कैरोलाही दोनदाच गेला होता, तेही डोळ्याच्या इस्पितळात. पण आता तो दारावर हाग, म्हणजे हाजी होता, त्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत 'मालक' असं लिहिलेलं होतं, आणि तो रिफअतचा सख्खा थोरला भाऊ होता.

हे नाव कागदावर असायला हवं होतं आणि कागदावरच राहायला हवं होतं. अशा नावापुरत्या मालकाला या धंद्यात कहूल म्हणतात. जमीन त्याच्या नावावर, पाच मजल्यांचा परवाना त्याच्या नावावर, आणि पाचाचे चौदा झाल्यावर जो काही दंड, खटला, तुरुंग व्हायचा असेल तोही त्याच्याच नावावर. खरा बांधणारा कोण हे गल्लीतल्या इस्त्रीवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक असतं, कागदाला तेवढं नसतं. कहूल गरीब असावा, अडाणी असावा, शक्यतो लांबच्या खेड्यात राहावा आणि आपली इमारत कुठे आहे हे त्याला विचारलं तर त्याला सांगता येऊ नये. हे सगळे नियम रिफअतनेच कधीतरी एका नव्या भागीदाराला बोटांवर मोजून सांगितले होते. आता त्याच्या स्वतःच्या कहूलने संगमरवर विकत घेतला होता. कुठून घेतला असेल? चुन्याच्या कामातून उरलेले चार पैसे असतील. कोटाच्या आतल्या खिशात कागदांची गुंडाळी होती, शाईची चपटी डबी होती, आणि चालताना ती डबी बरगडीला लागत होती. तीन दिवस तो ती तशीच खिशात घेऊन फिरत होता. वकील फरगलीने फोनवर सांगितलं होतं, "तीन वर्षांची शिक्षा झाली आहे तुमच्या माणसाला, गैरहजेरीत. आता कधीही उचलतील. एरवी असली फाइल दोन-दोन वर्षं हलत नाही, हीच कशी जागी झाली कळत नाही बुवा." तुमचा माणूस म्हणजे कोण, हे फरगलीला माहीत नव्हतं. रिफअतनेही सांगितलं नव्हतं.

सांगण्यासारखं काय होतं त्यात. मुळात ती गोष्ट एका वाक्यातून निघाली होती, आणि ते वाक्य त्याने कसं, कुठल्या स्वरात म्हटलं होतं हे गेले तीन दिवस तो पुन्हापुन्हा आठवून पाहत होता. हाग शलबीचं ऑफिस फरश्यांच्या दुकानावर आहे. तिथे बसलं की खालून फरशी कापायच्या यंत्राचा आवाज सतत दातांत येत राहतो. शलबीचा पैसा, रिफअतचं डोकं, अशी ती भागीदारी. त्या दिवशी शलबीने भाजलेल्या भोपळ्याच्या बिया फोडत म्हटलं होतं, "मागच्या इमारतीत हातात काय उरलं, बाशमुहंदिस? धूळ. सळई महागली, सिमेंट महागलं, लोक फ्लॅटला भाव देत नाहीत. तू शिकलेला आहेस. सांग, कुठून काढायचं?" आणि रिफअत शिकलेला होताच. त्याने वही उघडून एकेक बाब वाचली होती. पाया कमी करणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. परवाना पाच मजल्यांचा असो, तो चौदा मजल्यांचा पाया चौदा मजल्यांच्याच मापाने घेत असे, एक सळई इकडची तिकडे होऊ देत नसे, आणि या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता. माझ्या इमारती उभ्या आहेत, असं तो बायकोला सांगायचा. इनायात म्हणायची, "हो ना, बाकी सगळं वाकलेलं आहे." ती गमतीने म्हणायची असं तो धरून चालला होता.

पाया सोडला, तर मजुरीत काढण्यासारखं काही नव्हतं. लिफ्ट चिनी होतीच. मग वहीत उरली होती ती कहूलची ओळ. मागचा कहूल तुर्मुसच्या खारवलेल्या बिया विकणारा म्हातारा होता, करमूझच्या पुलाखाली बसायचा. सुरुवातीला तो थोडक्या पैशांत तयार झाला, पण आत गेल्यावर त्याच्या मुलाने दर महिन्याला घरखर्च मागितला, मग मुलीच्या लग्नासाठी फ्रीज, मग वाचा फुटेल म्हणून धमकी. शलबी म्हणाला होता, "कहूल म्हणजे आता दुसरा भागीदारच झालाय. त्याच्या तोंडाला कुलूप लावता येईल असा माणूस हवा." आणि रिफअतने वहीतून मान वर न करता म्हटलं होतं, "मग घरातलाच घ्यावा." बस. एवढंच. तो आवाज अगदी साधा होता, हिशेबाचा होता. त्यात कुणाचं नाव नव्हतं. खालचं यंत्र त्या क्षणी थांबलं होतं की काय कोण जाणे, पण वाक्य फार मोठ्याने ऐकू आलं. शलबीने बी फोडायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत कौतुक होतं. रिफअतला ते कौतुक आवडलं होतं. हे त्याला आता कबूल करावं लागत होतं, आणि कुणी कबूल करायला लावलेलं नसताना करावं लागत होतं, म्हणून जास्त जड जात होतं.

घरातला म्हणजे मेतवल्ली, दुसरं होतंच कोण. वडील परांचीवरून पडून गेले तेव्हा मेतवल्ली चौदा वर्षांचा होता आणि रिफअत चार. दुसऱ्याच दिवशी मेतवल्ली वडिलांची थापी घेऊन त्याच मुकादमाकडे गेला. मग तीस वर्षं गिलावा. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या असायच्या, आणि तो आधी रिफअतची वही मागायचा. वाचता येत नसे त्याला, पानं उलटून शाई किती खर्च झाली तेवढं बघायचा आणि म्हणायचा, "आज कमी लिहिलंस." रिफअत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना मेतवल्लीचं लग्न ठरलं होतं, मुलीला घालायचं सोनं घेऊनही झालं होतं. त्या वर्षी फी वाढली. सोनं परत सोनाराकडे गेलं. मुलीकडचे आले, ओरडले, गेले. मेतवल्ली त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाला की तिचा आवाज तसाही किरटा होता. त्यानंतर कधी लग्नाचा विषय निघाला नाही. मग चुन्याचा शिंतोडा डाव्या डोळ्यात गेला आणि तो डोळा दुधी झाला. रिफअतला भावाविषयी कृतज्ञता वाटत असे, नाही असं नाही. ईदला तो नवी गलाबिया, पायघोळ अंगरखा, पाठवायचा. पण कृतज्ञता अशी सारखी समोर बसलेली असली की माणसाला श्वास घेता येत नाही, म्हणून तो स्वतः जायचा कमी. वर्षातून दोनदा. गेला की मेतवल्ली उठून उभा राहायचा, आणि इंजिनियर झालेल्या भावासमोर उभं राहायचं की बसायचं हे न कळून तसाच राहायचा.

नोंदणीच्या दिवशी मात्र रिफअत त्याला घ्यायला गाडी घेऊन गेला होता. वाटेत कलेजीची सॅंडविचं खाल्ली, उभ्याउभ्या, तिखट मिरची घालून. मेतवल्लीने तोंड पुसत विचारलं, "अंगठा कशाला हवाय माझा?" आणि रिफअत म्हणाला, "असाफ्राची इमारत तुझ्या नावावर करतोय, अबीह." लहानपणी थोरल्या भावाला अबीह म्हणायचे तेच तो अजून म्हणत असे. त्याने पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. पुढचं वाक्य असं होतं की हे नुसतं कागदोपत्री आहे, थोडी जोखीम आहे, मी आहे तुझ्यामागे. पण मेतवल्लीच्या हातातलं सॅंडविच तसंच राहिलं. चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. तो म्हणाला, "माझ्या?" मग, "अरे, कशाला? मी काय केलं असं?" त्याने सॅंडविच गाडीच्या टपावर ठेवलं आणि सगळ्या रस्त्यादेखत धाकट्या भावाचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. त्याच्या तळव्यांना अजून चुन्याचा वास होता. रिफअतला तयार ठेवलेलं वाक्य बोलता आलं नाही. तो स्वतःला म्हणाला, मी खोटं काही बोललेलो नाही, शब्द न् शब्द खरा आहे. दीड वर्ष तो हेच स्वतःला म्हणत आला होता. आणि धंद्याच्या दृष्टीने पाहिलं, तर असा कहूल कुणाला मिळाला नसता. पैसे नाहीत, घरखर्च नाही, फ्रीज नाही. शलबीने त्या इमारतीचा हिशेब पाहून रिफअतचा वाटा पाच टक्क्यांनी वाढवला होता.

तो दारातून आत गेला. जिन्याखालची बवाबाची खोली उघडी होती. बवाब ठेवलेला नव्हता; मेतवल्लीनेच सांगितलं होतं की मालक असताना राखणदार कशाला, आणि करमूझची खोली सोडून तो इथे राहायला आला होता. हेही रिफअतला कळलं तेव्हा पगार वाचला एवढंच त्याच्या मनात आलं होतं. खोलीत खाट, गॅसची शेगडी, भिंतीला टांगलेली स्वच्छ गलाबिया. भिंतींना गिलावा मात्र असा केलेला, की इंजिनियरच्या बोटांना राहवेना. त्याने जाताजाता तळवा फिरवून पाहिला, कुठे कण लागला नाही.

"आलास!" मेतवल्ली उठला. "बस. नाही, तिथे नको, ओल आहे. पाटी पाहिलीस?"

"पाहिली."

"अक्षर कसंय? मला दिसायला गोल गोल दिसतं. सहाव्या मजल्यावरचे मास्तर आहेत ना, त्यांनी लिहून दिलं. मी म्हटलं हाग नका लिहू, ते म्हणाले एवढी मोठी इमारत असलेल्याला नुसतं मेतवल्ली म्हणायला लोकांची जीभ वळायची नाही." तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "तुला राग आला?"

"नाही रे. कशाला येईल."

मेतवल्लीने चहा टाकला आणि तो मालकाच्या गोष्टी बोलायला लागला. लिफ्ट आठव्याला अडकते, माणूस बोलावलाय. वरच्यांना पाणी चढत नाही, म्हणून तो पहाटे उठून आणि पुन्हा दुपारी पंप लावतो. समोरच्या चाळवजा घरातल्या बाईकडे तो गेला होता. "तिचं ऊन गेलं ना आपल्यामुळे. सगळे कपडे ओलेच. मी म्हटलं, बाई, माझ्या गच्चीवर वाळत घालत जा, माझीच इमारत आहे. ती आधी दार उघडेना, वाटलं हा दुधी डोळ्याचा कोण आलाय भांडायला." रिफअत ऐकत होता. त्याच्या डोक्यात एक चमत्कारिक शंका यायला लागली: की ही इमारत खरोखरच याची आहे, आणि आपण, शलबी, फरगली, सगळे तिच्याभोवती फिरणारे चोर आहोत. बांधून झाल्यावर त्याने स्वतः या इमारतीत किती वेळा पाऊल टाकलं होतं? हप्ते न देणाऱ्यांना दम द्यायला दोनदा. आठव्या मजल्यावर कोण राहतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आणि एक केलं मी," मेतवल्ली ग्लासात पुदिना टाकत म्हणाला. "तुला विचारायला हवं होतं, पण तुझा फोन लागेना. मास्तर म्हणाले, कागदावर पाच मजले आहेत. मी मोजले, चौदा भरले. मला झोप येईना. म्हटलं माझ्या नावावर एवढी मोठी चूक, उद्या मेलो तर वर जाऊन काय सांगू? तर मी गेलो कचेरीत. दोन किलो साखर घेऊन गेलो. म्हटलं, साहेब, मी मालक, माझ्याकडून जास्त मजले झालेत, काय भरायचं ते सांगा, हळूहळू भरीन. काय अदबीने बोलले म्हणतोस! खुर्ची दिली. नाव लिहून घेतलं, राहायचा पत्ता लिहून घेतला, पुन्हा वाचून दाखवला."

रिफअतचा चहा तसाच राहिला. त्याला हसू येईल की काय अशी भीती वाटली. परवान्याच्या फायली झोपाव्यात म्हणून शलबी वर्षानुवर्षं लोकांचे खिसे गरम करत होता, आणि याने दोन किलो साखर देऊन ती उठवली होती. या शहरात आजवर कुठल्या कहूलने असं केलं असेल? पण तो कहूल नव्हताच ना. त्याला कुणी तसं सांगितलेलंच नव्हतं. चूक मेतवल्लीची म्हणावी तर ती एवढीच होती, की त्याने भावाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि मालकाने जे करायला हवं ते केलं. आता बोललं पाहिजे, रिफअतने ठरवलं. आत्ता. ग्लास खाली ठेवला. फार काही नव्हतं बोलायचं. अबीह, मी तुला फसवलं. तुला तीन वर्षं झाली आहेत. चल, मी कोर्टात सांगतो की बांधणारा मी. हे शेवटचं वाक्य मनातल्या मनातसुद्धा पूर्ण होईना. तिथे आल्यावर त्याला धाकट्या मुलीचे दात सरळ करायची तार दिसली, इनायातचा चेहरा दिसला, शलबी दिसला, आणि नुकताच घेतलेला मामूराचा भूखंड दिसला.

"अबीह, आपण कफ्र-अद्-दव्वारला जाऊ या. आत्याकडे. आजच, माझ्या गाडीने."

"आत्या बरी आहे ना?"

"बरी आहे. तू थोडे दिवस तिथे राहा. इथे पोलीस येतील तुझ्याकडे. मजल्यांवरून."

मेतवल्लीने त्याच्याकडे पाहिलं. चांगला डोळा आधी आणि मग डोकं वळवून पूर्ण तोंड. "मग येऊ देत की. मी सांगीन त्यांना, मी स्वतःहून गेलो होतो. मालकाने कशाला पळायचं? पंप कोण लावील?"

"अबीह, ऐक. तू..." रिफअतने ग्लास बाजूला सरकवला. "तू समजतोस तसा तू..." त्याने पुन्हा सुरुवात केली. बाहेर गाडीचं दार आपटलं. तो आवाज ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची त्याला किळस आली.

दोघेजण होते, साध्या कपड्यांत. पुढचा जाडसर, दमलेला, सर्दी झालेला. त्याने आधी दारावरची पाटी बोटाने दाखवली. "हाग मेतवल्ली? मालक तुम्हीच ना?"

"मीच," मेतवल्ली म्हणाला आणि त्याने गलाबिया सारखी केली. "बसा, चहा टाकलाच आहे."

"चहा नको, हाग. चला आमच्याबरोबर. तीन वर्षांची शिक्षा आहे तुमच्या नावावर." त्याने नाक पुसलं आणि रिफअतकडे मान वळवली. "हे कोण?"

उत्तर द्यायला कितीसा वेळ लागतो. तेवढ्या वेळात रिफअतला खोलीतली एकेक वस्तू स्पष्ट दिसली. शेगडीची निळी ज्योत, पुदिन्याची जुडी, भिंतीचा तो नितळ गिलावा. मग त्याच्या तोंडून आलं, "मी इंजिनियर. यांच्याकडे कामाला होतो."

मेतवल्लीचं तोंड किंचित उघडं राहिलं. शिक्षा या शब्दानेही ते तसं झालं नव्हतं. तो रिफअतकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात काहीतरी हळूहळू सरकत गेलं. त्याला आता काय काय कळतंय, नोंदणीपर्यंत कळतंय की सोन्यापर्यंत, हे रिफअतला वाचता येईना. मग तो पोलिसाकडे वळला. "हो, माझा इंजिनियर आहे. चांगला मुलगा आहे. त्याचा काही दोष नाही हं यात. तो नको नको म्हणत होता, वरचे मजले मीच चढवायला लावले." त्याने वाकून शेगडी बंद केली, पंपाची किल्ली खिळ्यावरून काढून रिफअतच्या हातात दिली आणि म्हणाला, "पहाटे आणि दुपारी. अर्धा-अर्धा तास." गाडीत चढताना त्याचा पाय अडखळला. सर्दीवाल्याने त्याला हात दिला.

रिफअत समुद्रापर्यंत चालत गेला. का गेला ते त्यालाही कळलं नाही. नोव्हेंबरातला वारा सुटला होता, लाटा कठड्यावरून रस्त्यावर येत होत्या आणि गाड्या त्यातून पाणी उडवत जात होत्या. मी खोटं बोललो नाही, असं म्हणायची त्याला सवय होती, आणि सवयीने त्याने ते म्हणून पाहिलं. मी त्याच्याकडे कामालाच होतो, कागदावर तरी तसंच आहे. ते अजून जमत होतं. या गोष्टीची त्याला कशाहीपेक्षा जास्त भीती वाटली. फोन वाजला. शलबी होता.

"उचलला म्हणतात. काही बोलला?"

"नाही. म्हणाला मीच चढवले मजले."

पलीकडून समाधानाचा सुस्कारा आला. "वल्लाही, रत्न आहे तुझा माणूस. घरातलाच घ्यावा म्हणालास ते बरोबर होतं. आता ऐक. सह्या झाल्या का? उरलेल्या फ्लॅटची विक्रीखतं आणि मामूराच्या परवान्याचा अर्ज, तोही त्याच्याच नावावर. मागची तारीख टाकून ठेवलीय मी. एकदा मोठ्या तुरुंगात गेला की सहा महिने भेट नाही मिळायची. आज तो ठाण्यातच असेल. जा, हवालदाराला चहापाणी दे. आणि रिफअत, हे झालं ना, तर मामूरात निम्मा वाटा तुझा."

"तो आजारी आहे, हाग. एक डोळा नाही त्याला."

"अंगठ्याला डोळा लागतो का?" शलबी म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदाला हसला नाही. "तू नको म्हणत असलास तर सांग. मग फ्लॅटवाले कोर्टात जातील, कोर्ट विचारील पैसे कुणी घेतले. पावत्यांवर तुझी सही आहे, माझी नाही."

कोठडीतल्या माणसाला घरचं जेवण न्यायचं असतं. रिफअतने कोंबडी घेतली, भाताचा डबा घेतला, पाव, एक जाड कांबळं, चार पाकिटं सिगारेट. मेतवल्ली सिगारेट ओढत नसे, पण आत त्या उपयोगी पडतात. हे सगळं घेताना त्याला वाटत राहिलं की आपण चांगल्या कामासाठी चाललो आहोत. कांबळं त्याने दुकानदाराला तीनदा बदलायला लावलं, त्यातल्या त्यात उबदार निघेपर्यंत. गेल्यावर मी सगळं सांगीन, तो स्वतःला म्हणत होता. आधी सगळं सांगीन, पाया पडेन, आणि मग तो म्हणेल तसं. तो ओरडला तर बरं होईल. एकदा तरी ओरडला तर.

हवालदाराने पाकिटं मोजून दोन ठेवून घेतली आणि पाच मिनिटं म्हणाला. लांब बोळ होता, ओल्या सिमेंटचा वास, शेवटी जाळीचं दार. आत दहा-बारा माणसं भिंतीला टेकून बसलेली, आणि त्यांच्यात मेतवल्ली उभा होता. बसायची परवानगी आहे की नाही हे त्याला कळलं नसावं. दोन-तीन तासांतच तो म्हातारा झाला होता. जाळीशी कोण आलंय हे ओळखायला त्याला वेळ लागला, आणि ओळखल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की रिफअतने नजर खाली केली.

"आलास! मी यांना सांगत होतो, येईल म्हणून." मग आवाज अगदी खाली आणून, जाळीला तोंड लावून, "मला इथे भीती वाटते रे, रिफअत. मघाशी मी तसं बोललो खरं. पण तीन वर्षं... मला नाही जमायचं. तू काहीतरी कर."

रिफअतने डबा आणि कांबळं जाळीखालच्या फटीतून आत सरकवलं. मग त्याचा हात कोटात गेला. तो आपला हात आहे, आणि तो कुठे चाललाय, हे त्याला दिसत होतं. कागदांची गुंडाळी निघाली, डबी निघाली.

मेतवल्लीने चांगला डोळा जाळीजवळ आणून कागदाकडे पाहिलं. "हे वकिलाचं?" तो म्हणाला. "यावर अंगठा केला की सुटेन ना मी?"

"हो, अबीह," रिफअत म्हणाला.

मेतवल्लीने लगेच अंगठा शाईत बुडवला आणि फटीतून बाहेर काढून कागदावर टेकवला. नुसता निळा डाग उठला. त्या अंगठ्यावर रेषा म्हणून उरल्याच नव्हत्या, सगळ्या चुन्याने खाल्ल्या होत्या. "नाही ना आलं नीट?" तो घाबरून म्हणाला. त्याने अंगठा गलाबियावर पुसला, त्यावर थुंकला, पुन्हा पुसला, आणि पुन्हा बाहेर काढला. "तू दाब. तुझ्या हातात जोर आहे."

रिफअतने भावाचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला आणि दाबला. या वेळी कडेच्या दोन-चार रेषा उठल्या. कागद अकरा होते. प्रत्येक कागदाला मेतवल्ली अंगठा आपणहून पुढे करत होता.